अफनासी निकितीन : तीन समुद्र, चार भाषा

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्वेर या रशियन नगरातला एक व्यापारी चौलच्या बंदरात उतरला, घाट चढून जुन्नरला पोहोचला, तिथे पावसाळा काढला आणि पुढे बीदर, गुलबर्गा, रायचूर असे फिरून दाभोळहून परतीच्या जहाजात बसला. त्याचे नाव अफनासी निकितीन. जुने अभ्यासक त्याचा हिंदुस्थानातील मुक्काम १४६९ ते १४७२ असा धरीत. लिओनिद सेमिओनोव यांनी त्याने दिलेले सणवार आणि बहमनी स्वाऱ्यांचे उल्लेख ताडून तो १४७१ ते १४७४ असा पुढे आणला. दोन्हीपैकी कोणताही काळ घेतला, तरी वास्को द गामाचे गलबत मलबारच्या किनाऱ्याला लागले (१४९८) त्याच्या जवळजवळ पाव शतक आधीची ही गोष्ट आहे.

आपल्याकडे निकितीन ओळखला जातो तो मुख्यतः इतिहास विभागात आणि तेही बहमनी राज्याचे एक साधन म्हणून. मुलूख दाट वस्तीचा आहे, खेड्यातली माणसे उघडीवाघडी आहेत आणि सरदार मात्र ऐश्वर्यात लोळताहेत, अशा आशयाचे त्याचे एक वाक्य बहुतेक पाठ्यपुस्तकांत असते आणि विद्यार्थ्यांची त्याच्याशी ओळख बहुधा तिथेच संपते. मराठी विभागात तर तो येतच नाही. आम्ही प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवतो तेव्हा गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’पासून आरंभ करतो, परक्याने आपल्या मुलखाविषयी लिहिलेले काही त्या तासाला चर्चेत येत नाही. असे असूनही आम्ही निकितीनची संहिता मराठीच्या वाचकांपुढे ठेवू इच्छितो. जुन्नरच्या नावाचा अभिमान हे त्यामागचे कारण नव्हे. आमच्या मते ही संहिता आधी भाषेची आणि श्रद्धेची कहाणी आहे आणि नंतर इतिहासाचे साधन. इतिहासकारांनी तिच्यातून आकडे उचलले, राष्ट्रवाद्यांनी गौरव उचलला; तिच्या मध्यावर असलेली एका माणसाची घालमेल मात्र पुष्कळदा कोणीच उचलली नाही.

‘तीन समुद्रांपलीकडील प्रवास’ हे या लेखनाचे रूढ नाव. कॅस्पियन, हिंदी महासागर आणि काळा समुद्र हे ते तीन. निघताना त्याच्या मनात हिंदुस्थान नव्हताच. मॉस्कोच्या तिसऱ्या इवानने शिरवानच्या शाहाकडे पाठवलेला वकील वसिली पापिन पुढे निघून गेला होता. म्हणून शिरवानचाच वकील हसन बेग परतत होता, त्याच्या सोबतीने हे रशियन व्यापारी व्होल्गा नदीतून खाली उतरले. हसन बेगाजवळ मॉस्कोच्या राजाने भेट दिलेले नव्वद ससाणे होते. अस्त्रखानजवळ तातारांनी त्यांना गाठून लुटले. निकितीनचा माल आणि त्याची पुस्तके गेली. पुढे कॅस्पियनच्या वादळात दुसरे जहाज किनाऱ्यावर आदळले आणि त्यावरची माणसे कैद झाली. शिरवानच्या शाहाकडे त्यांनी परतीच्या वाटखर्चाची याचना केली. त्याने नकार दिला. तेव्हा हे लोक रडत रडत पांगले. ज्यांचे रशियात काही होते ते रशियाला परतले आणि ज्यांच्या डोक्यावर देणे होते ते वाट फुटेल तिकडे गेले, असे तो सांगतो. स्वतः कोणत्या गटात होतो हे तो उघडपणे सांगत नाही. पण परत गेला नाही, एवढे आपल्याला दिसते. युरोपीय प्रवाशांविषयी बोलताना आपण ‘ज्ञानाची तहान’, ‘साहसाची ओढ’ असे शब्द सहज वापरतो. इथे पुढे रेटणारी गोष्ट बुडालेला माल ही आहे. दर्बंद, बाकू आणि इराणातील अनेक शहरे पार करीत, कुठे महिना तर कुठे अधिक मुक्काम करीत, तो होर्मुझला पोहोचला. तिथून त्याने एक घोडा जहाजात चढवला आणि मस्कत, दीव, खंबायत या मार्गाने चौल गाठले.

घोड्याचा हा व्यवहार समजून घेतला पाहिजे. दख्खनमध्ये चांगल्या जातीचे घोडे निपजत नसत. लढाऊ घोडे अरबस्तान-इराणातून समुद्रमार्गे येत आणि बहमनी व विजयनगर या दोन्ही सत्ता त्यांसाठी वाटेल ती किंमत मोजत. या देशात घोडे जन्मतच नाहीत, बैल आणि म्हशी जन्मतात, असे निकितीन लिहितो ते या अर्थाने. सगळे भांडवल एका जनावरात गुंतवून तो आला होता. त्या घोड्याला आपल्याला शंभर रूबल पडले असे त्याने नोंदवले आहे. म्हणजे जुन्नरला पुढे जे घडले त्यात पणाला लागले होते ते त्याचे उरलेसुरले सर्वस्व.

चौलचे त्याचे पहिले दर्शन प्रसिद्ध आहे. माणसे डोके व छाती उघडी टाकून हिंडतात, केसांची एक वेणी घालतात, सगळी काळी आहेत; आणि मी जाईन तिथे माझ्यामागे गर्दी, कारण गोऱ्या माणसाचे त्यांना नवल वाटते. पाहणारा स्वतःच पाहण्याची वस्तू झाला आहे याची ही नोंद मध्ययुगीन प्रवासवर्णनात वाटते तितकी सर्रास आढळत नाही. चौलहून पाली, पालीहून उमरी, उमरीहून जुन्नर असे टप्पे त्याने दिवसांच्या हिशेबासह दिले आहेत. जुन्नरविषयी तो म्हणतो की हे नगर खडकाच्या बेटावर आहे, ते कोणी बांधलेले नाही, देवानेच घडवले आहे. वर जाणारी वाट इतकी अरुंद की दोघांना एकदम जाता येत नाही. शिवनेरी पायी चढलेल्या कोणालाही हे वर्णन कुठले ते सांगावे लागणार नाही.

पावसाळ्याला तो ‘हिवाळा’ म्हणतो. त्याच्या अनुभवात घरात बसवून ठेवणारा ऋतू म्हणजे हिवाळाच. तेव्हा चार महिने सगळीकडे पाणी आणि चिखल असलेल्या या काळाला त्याच्या भाषेत दुसरा शब्द नव्हता. याच दिवसांत लोक नांगरतात आणि गहू, भात, हरभरा पेरतात, असे तो लिहितो. खरिपाची आणि रबीची त्याने गल्लत केली आहे हे शेतकऱ्याच्या घरातला विद्यार्थी लगेच दाखवून देईल. पण घोड्यांना हरभरा चारतात आणि त्यांच्यासाठी साखर-तूप घालून खिचडी शिजवतात, ही त्याची नोंद ज्याचा स्वतःचा घोडा तबेल्यात उभा आहे अशा माणसाची आहे. ‘खिचडी’ हा शब्द त्याने जवळजवळ तसाच रशियन लिपीत उतरवला आहे. नारळाचे नाव त्याच्याकडे फारसी वळणाचे, ‘हिंदुस्थानचा अक्रोड’ अशा अर्थाचे आहे, आणि त्या नारळांत मद्य करतात असे तो सांगतो. कोकणच्या वाचकाला माडी आठवेल.

जुन्नरचा सुभेदार असद खान. मोठा घोडदळ-हत्तींचा धनी असून माणसांच्या खांद्यावरून फिरतो, असे निकितीनने त्याचे वर्णन केले आहे. हा घोडेवाला मुसलमान नसून रशियन ख्रिस्ती आहे असे कळताच खानाने घोडा ओढून नेला आणि अट घातली. इस्लाम स्वीकारलास तर घोडा परत आणि वर एक हजार सोन्याची नाणी. नाही स्वीकारलास तर घोडा जाईल आणि तुझ्या डोक्यावर एक हजार नाण्यांचा दंड बसेल. मुदत चार दिवसांची. ऑगस्टमधल्या ऑर्थोडॉक्स उपवासाचे ते दिवस होते. ऐन वेळी महंमद नावाचा एक खोरासानी खोजा जुन्नरला आला. निकितीनने त्याच्यापुढे हात जोडले. तो खानाकडे गेला, धर्मांतराची सक्ती टळली आणि घोडाही सुटला. तारणहाराच्या सणादिवशी घडलेला हा चमत्कार म्हणून निकितीन तो सांगतो. त्याला लागूनच रशियातल्या ख्रिस्ती बांधवांना तो सल्ला देतो. हिंदुस्थानात जाण्याची ज्याला इच्छा असेल त्याने आपला धर्म रशियातच ठेवावा, महंमदाचे नाव घ्यावे आणि मग निघावे, असा त्याचा आशय आहे. हा उपरोध आहे की व्यवहारी उपदेश, की घडून गेलेल्या गोष्टीची आडवळणाने दिलेली कबुली? इथून पुढे ही संहिता याच प्रश्नाभोवती फिरते.

आता तिच्या भाषेकडे वळू. निकितीन मुख्यतः रशियनमध्ये लिहितो, तीही पोथीतली नव्हे तर व्यापाऱ्याच्या बोलण्यातली. परंतु मध्येच तो तुर्की वळणाच्या बाजारभाषेत शिरतो, तिच्यात फारसी मिसळते आणि प्रार्थना आली की अरबी. लिपी मात्र सर्वत्र रशियनच. ही सरमिसळ पाहून जुन्या वाचकांनी तिला गबाळेपणा मानले. १९२६ मध्ये निकोलाय त्रुबेत्स्कोय या भाषाशास्त्रज्ञाने या लेखनाचा साहित्यकृती म्हणून विचार केला आणि परभाषेतील उतारे व धार्मिक चिंतनाच्या जागा यांची योजना दाखवून दिली. तेव्हापासून हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाचा झाला.

कोणत्या गोष्टींसाठी तो भाषा बदलतो? बाजारातल्या वस्तूंची नावे परभाषेत येणे स्वाभाविक आहे. पण धर्मशाळेत प्रवाशांना जेवू घालणाऱ्या आणि रात्री त्यांच्यासोबत राहणाऱ्या स्त्रियांविषयी, त्यांच्या दरांविषयी तो लिहितो ते तुर्कीत. इथे संकोच हे कारण पटते. दुसरी जागा त्याहून विलक्षण आहे. देवाने रशियन भूमीचे रक्षण करावे, तिच्यासारखी भूमी दुसरी नाही, जरी तिथले सरदार अन्यायी असले तरी तिथे चांगली व्यवस्था नांदो, अशी एक प्रार्थना त्याने केली आहे. देशप्रेमाचे हे वाक्य त्याने मायबोलीत लिहिलेले नाही. तेही तुर्कीतच आहे. आपल्या राज्यकर्त्यांवरचा ठपका घरच्या भाषेत उच्चारणे त्याला धोक्याचे वाटले असावे. त्वेर तेव्हा मॉस्कोच्या पोटात जाण्याच्या बेतात होते (१४८५ मध्ये ते गेलेच), हे लक्षात घेतले तर या भाषांतराचे वजन कळते.

आपल्याकडे महानुभावांनी सकळ लिपी आणि इतर सांकेतिक लिप्या वापरून आपले ग्रंथ परक्या नजरेपासून राखले. तिथे भाषा मराठीच होती. झाकणारी होती ती लिपी. निकितीनने नेमके उलटे केले: लिपी घरची ठेवली आणि भाषा परकी घेतली. हे साम्य फार ताणण्याचे कारण नाही. महानुभावांमागे पंथ होता, वाचणारे अनुयायी होते. निकितीन एकटा होता आणि त्याच्या वह्या कोण वाचणार हे त्याला ठाऊक असण्याची शक्यता नव्हती.

बीदरमध्ये त्याने घोडा विकला. बहमनी राजधानीचे त्याचे वर्णन सविस्तर आहे: सुलतानाच्या वाड्याचे सात दरवाजे, प्रत्येक दरवाज्यावर पहारेकरी आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद ठेवणारे हिंदू लेखनिक, रुप्याच्या मंचकांवरून मिरवणारे सरदार, त्यांच्यापुढे सोन्याच्या साजाचे घोडे. महमूद गवानचा उल्लेख ‘मलिक-उत-तुज्जार’ या किताबाने वारंवार येतो. किनाऱ्यावरील लूटमार करणारी दोन नगरे घेऊन तो बीदरला परतला तेव्हाची वर्दळ निकितीनने पाहिली आहे. मराठी मनात बेदर म्हटले की दामाजीपंतांची कोठारे येतात. दंतकथेचा काळ निश्चित करण्याच्या भानगडीत आम्ही पडत नाही. परंतु गरीब रयत आणि श्रीमंत दरबार ही त्या कथेतील जोडी या परदेशी माणसानेही एका ओळीत टिपली, याची नोंद करावीशी वाटते. व्यापार म्हणून त्याची निराशाच झाली. हिंदुस्थानात आपल्या देशासाठी पुष्कळ माल आहे असे सांगणाऱ्या मुसलमान व्यापाऱ्यांना तो कडक शिव्या देतो; मिरी आणि रंग स्वस्त आहेत, पण जकात भारी आणि समुद्रात चाचे फार, असा त्याचा हिशेब.

बीदरमध्येच त्याने अनेक हिंदूंशी ओळख केली आणि त्यांना खरे सांगितले: मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे, माझे नाव अफनासी, आणि इथले नाव खोजा यूसुफ खोरासानी. म्हणजे तोवर तो खोरासानी मुसलमान म्हणून वावरत होता. हे कळल्यावर हिंदूंनी त्याच्यापासून आपले अन्न, आपली पूजा, आपल्या स्त्रिया झाकणे सोडून दिले असे तो लिहितो. जेवणाचे तपशील त्याने त्यानंतरच दिले आहेत: उजव्या हाताने खातात, सुरी-चमचा वापरत नाहीत, प्रत्येकजण आपापले शिजवतो, परधर्मीयाची नजर भांड्यावर पडू नये म्हणून जपतात. हिंदुस्थानात चौऱ्याऐंशी धर्म आहेत आणि ते एकमेकांत खात-पीत नाहीत, विवाह करीत नाहीत, असे तो म्हणतो तेव्हा त्याने जातींनाच धर्म मानले आहे हे उघड आहे. ही चूक खरी. पण रोटीबेटीबंदी हाच भेद ओळखण्याचा निकष त्याने धरला, यात त्याची नजर चुकलेली नाही.

त्यांच्याबरोबर तो पर्वताला, म्हणजे श्रीशैलाला गेला. यात्रा शिवरात्रीची. काळ्या पाषाणाचा सोन्याने मढवलेला नंदी, त्याच्या खुराचे चुंबन घेणारे आणि त्यावर फुले वाहणारे यात्रेकरू, क्षौर केलेली डोकी, भरलेला बाजार. मंदिरातल्या एका मूर्तीचा उचललेला हात पाहून त्याला कॉन्स्टँटिनोपलचा जस्टिनियन सम्राटाचा पुतळा आठवला. पर्वत हे हिंदूंचे जेरुसलेम आणि मक्का, असेही तो लिहितो. मूर्तिपूजेवर त्याने टीका केली नाही. ख्रिस्ती मठात वाढलेल्या एखाद्या साधूला, चौदाव्या शतकात ठाण्याला येऊन गेलेल्या ओदोरिकसारख्याला, हे जमले नसते असे आम्हाला वाटते.

हा मोकळेपणा त्याला स्वस्तात मिळालेला नाही. पुस्तके लुटली गेल्यामुळे सणांचे गणित त्याच्यापाशी उरले नव्हते. ईस्टर कधी, उपवास कधी, बुधवार-शुक्रवार कोणते, हेच कळेना. मग मुसलमानांच्या बैरामवरून अंदाजाने तो ईस्टर मोजी आणि बीदरच्या आकाशात कृत्तिका, मृग व सप्तर्षी कुठे आहेत ते पाही. एकदा तो मुसलमानांबरोबरच महिनाभर उपवास धरतो. मलिक नावाच्या एका मुसलमानाने त्याला धर्मांतराचा आग्रह केला, तेव्हा त्याने उत्तर दिले की तू नमाज पढतोस, मीही प्रार्थना करतो; तुझ्या पाच, माझ्या तीन; मी परका, तू इथला. त्यावर मलिकचे म्हणणे असे की, तू मुसलमान नाहीस हे खरे, पण तुला ख्रिस्ती धर्मही ठाऊक नाही. या बोलण्याने निकितीन पार हादरला. संहितेतला सर्वांत आर्त विलाप इथेच आहे. आपण खऱ्या वाटेवरून भरकटलो, पुढे काय होणार ते ठाऊक नाही, मुसलमानी मुलखात चार ईस्टर गेले पण ख्रिस्तीपण सोडले नाही, असे तो पुनःपुन्हा स्वतःला सांगतो.

आणि मग एके ठिकाणी त्याने मोडक्या फारसीत लिहिले आहे की महंमदाचा धर्मही योग्यच. खरा धर्म कोणता ते देव जाणतो. लगेच रशियनमध्ये तो पुढे म्हणतो की एका देवाला जाणणे आणि शुद्ध जागी शुद्ध होऊन त्याचे नाव घेणे हाच खरा धर्म. पहिला अर्धा भाग परभाषेत, दुसरा मायबोलीत. धोक्याचे होते ते त्याने फारसीत ठेवले, हे उघड आहे. गेल लेनहॉफ या अभ्यासिकेने १९७९ मध्ये निकितीनने अखेर इस्लाम स्वीकारला होता असे मत मांडले. याकोव लुरिये यांनी ते नाकारून त्याच्या एकेश्वरवादावर भर दिला. आमचा कल लुरिये यांच्याकडे आहे, पण एका अटीवर. त्याला ‘सर्वधर्मसमभावी’ ठरवण्याची घाई करू नये. तो शब्द आपला आहे, आपल्या शतकाचा आहे. निकितीन सुखाने सर्व धर्मांना समान मानत नव्हता. जे मनात उमटले होते त्याची त्याला भीती वाटत होती, आणि म्हणून ते त्याने दुसऱ्या भाषेत लिहिले.

गौरवाचा भाग आम्ही थोडक्यात आटपतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी करमझीनला त्रोइत्सा मठाच्या संग्रहात ही संहिता सापडली आणि पोर्तुगीजांच्या आधी एक रशियन हिंदुस्थानात पोहोचला होता, हा अभिमानाचा विषय झाला. (निकोलो कोंती हा व्हेनिसवासी त्याआधी येऊन गेला होता, हे अशा वेळी विसरले जाते.) सोव्हिएत काळात १९५५ मध्ये त्वेरला, तेव्हाच्या कालिनिनला, व्होल्गाकाठी त्याचा पुतळा उभा राहिला. १९५७ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास आणि वसिली प्रोनिन यांनी ‘परदेसी’ हा चित्रपट काढला. त्यात निकितीनला नर्गिसच्या रूपाने प्रेयसी मिळाली आणि धर्माची तगमग मैत्रीच्या गाण्यांत विरून गेली. रेवदंड्याला एका शाळेच्या आवारात त्याचे स्मारक आहे. ही सगळी त्याची सार्वजनिक रूपे. खोजा यूसुफ खोरासानी या नावाला त्यांत जागा नाही.

दाभोळहून निघालेले त्याचे जहाज भरकटून आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागले. तिथून मस्कत, होर्मुझ, तब्रीझ, त्रेबिझोंद असा तो काळ्या समुद्रावर आला. त्रेबिझोंदला पुन्हा त्याच्या सामानाची झडती झाली आणि किडूकमिडूक गेले. तो काफाला पोहोचला आणि रशियन माणसांत आला. लेखन इथे संपायला हवे होते. पण शेवटी आहे ती एक दीर्घ अरबी प्रार्थना: बिस्मिल्लाहने सुरू होणारी, येशूला ‘ईश्वराचा आत्मा’ हे कुराणातले विशेषण देणारी आणि पुढे अल्लाची नावे रूढ क्रमाने उच्चारत जाणारी. सुखरूप परतीचे आभार त्याने या शब्दांत मानले, तेही ख्रिस्ती वस्तीत आल्यानंतर, जेव्हा त्याच्यावर कोणाचीही सक्ती नव्हती.

स्मोलेन्स्कला पोहोचण्याआधीच तो वारला. त्याच्या हातच्या वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेऊन राजाचा चिटणीस वसिली मामीरेव याच्याकडे दिल्या, आणि १४७५च्या नोंदीखाली त्या बखरीत उतरवून घेतल्या गेल्या. बखरकाराने तो केव्हा गेला, केव्हा परतला याची चौकशी केली, पण त्याला पत्ता लागला नाही, असे त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. मग त्याने सगळा मजकूर नकलून काढला: धर्मशाळेतल्या स्त्रियांचे दर, सरदारांवरचा ठपका, फारसीतली ती ओळ आणि अखेरची प्रार्थनाही, अक्षरामागून अक्षर, रशियन लिपीत.